गोधडी शिवा, पण हिशेब ठेवून

तुळशीची लग्ने उरकली, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागली आणि पहाटे धारेला उठणाऱ्या माणसाला अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटू लागले, की घरोघरच्या गोधड्या वळणीवरून खाली येतात. कोणी तिला वाकळ म्हणते, कोणी लेपटे, कोणी कौदी. नावे निरनिराळी, ऊब एकच. आजीचे जुनेर लुगडे, धन्याचे विरलेले धोतर, पोरांचे आखूड झालेले कपडे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवले की झाली गोधडी. खेड्यात जन्मलेल्या माणसाचे पहिले पांघरूण म्हणजे दुपटे, आणि ते गोधडीचेच धाकटे भावंड.

मायबहिणींनो, मी कृषी विस्तार अधिकारी. माझे काम बियाणे, खते, फवारणी सांगण्याचे. हा गृहस्थ आज सुईदोऱ्यात कुठे शिरला, असे तुम्हांला वाटेल. पण शेतमालाचा उत्पादन खर्च कसा काढावा हे तीस वर्षे शेतकऱ्यांना सांगत फिरलो, आणि त्याच शेतकऱ्याच्या घरात एक माल असा तयार होतो की ज्याचा खर्च कधी कोणी काढलाच नाही, हे मला फार उशिरा दिसले. ते कसे दिसले आणि त्यातून एका वाडीवरच्या बायकांनी काय उभे केले, ते आज सांगतो. त्यांचा येत्या वर्षाचा कार्यक्रमही शेवटी दिला आहे. आपल्या गावाला बेताचा वाटला तर जरूर उचला.

टेम्पो आला आणि प्रश्न पडला

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माणदेशातल्या एका वाडीवर हरभऱ्यावरच्या घाटेअळीची माहिती द्यायला गेलो होतो. पुरुष मंडळी यायला अवकाश होता, म्हणून देवळाच्या सभामंडपात टेकलो. तिथे सात-आठ बायका एक भली मोठी गोधडी अंथरून चारी बाजूंनी शिवत बसल्या होत्या. बोलणे चालू, हात चालू. एवढ्यात एक टेम्पो आला. शहरातला व्यापारी तयार गोधड्या घ्यायला आला होता. शहरात हातशिलाईच्या गोधडीला अलीकडे गिऱ्हाईक आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने गोधड्या उलगडल्या, दोन-चार नावे ठेवली आणि नगाला सहाशे रुपये सांगितले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि माना हलवल्या. पाच मिनिटांत गोधड्या टेम्पोत गेल्या.

मी सहज विचारले, "आजी, ही एक गोधडी शिवायला किती दिवस लागले?"

आजी हसल्या. "दिवस कोण मोजतंय साहेब? हात रिकामा व्हता, शिवली."

"आणि मजुरी?"

"सुईदोऱ्याची कसली आलीय मजुरी? खुरपायला गेलं तर मजुरी. ही तर बसल्या जागची शिलाई."

तिथे माझ्या मनात चुकचुकले. कारण हेच उत्तर मी पूर्वी शेतकऱ्यांकडून शेकडो वेळा ऐकले होते. "घरच्या माणसांची मजुरी कशाला धरायची साहेब? घरचीच तर आहेत." आणि घरची मजुरी धरली नाही, म्हणून तोट्यातले पीक नफ्यातले दिसते, हे मीच त्यांना सांगत आलो होतो.

पंधरा हजार टाके

घाटेअळीच्या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हिशेब मांडला. तुम्हीही घरी मांडून पाहा.

गोधडी ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब धरू. म्हणजे ६० इंच गुणिले ८४ इंच. धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून एक इंचावर धरल्या, तर एका गोधडीत ५,०४० इंच, म्हणजे ४२० फूट शिलाई होते. इंचाला तीन टाके धरले तर झाले १५,१२० टाके. हात बसलेली बाई मिनिटाला दहा टाके घालते असे धरले, तरी नुसत्या टाक्यांना पंचवीस तास लागतात. त्याआधी कपडे धुणे, उसवणे, धड भाग कापून घेणे, तुकडे जोडणे, थर लावून कच्चे टाके घालणे, याचे पाच तास. एकूण तीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर पावणेचार दिवस.

आता पैशांचे पाहू. मजुरी गावोगावी वेगळी असते. तुमच्या गावात खुरपणीला जो दर असेल तो धरा. आम्ही हिशेबाला सोपे जावे म्हणून रोजाचे ३०० रुपये धरले. पावणेचार दिवसांचे झाले १,१२५ रुपये. दोरा, सुया आणि काठाला लागणारे नवे कापड १५० रुपये. पिशवी आणि बाजाराला जाण्यायेण्याचे भाडे गोधडीमागे ७५ रुपये. एकूण १,३५० रुपये. यात जुन्या लुगड्याची किंमत धरलेलीच नाही. पण बोहारीण त्याच जुन्या लुगड्यांवर भांडे देऊन जाते. मग चिंधीला मोल नाही असे कसे म्हणावे?

व्यापाऱ्याने दिले ६००. त्यातून दोरा, कापड आणि भाडे मिळून २२५ गेले. उरले ३७५. पावणेचार दिवसांनी भागले तर रोज पडला १०० रुपये. बांधावरच्या खुरपणीला ३०० आणि देवळातल्या शिलाईला १००! आजींनी कागद हातात घेतला. अक्षर त्यांना वाचता येत नव्हते, पण आकडे येत होते. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "म्हंजी दोन रोज आमी त्याला फुकट शिवून दिलं की."

मी म्हणालो, "आजी, दोन नव्हे, अडीच."

व्यापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने भाव सांगितला, आपण मान हलवली. आपला खर्च आपल्यालाच ठाऊक नसेल, तर भाव समोरच्यानेच ठरवायचा.

सोमवारची फी

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बायकांची बैठक भरली होती. साडेतेराशेच्या खाली गोधडी द्यायची नाही, असे बोलणे चालले होते. मला बरे वाटले. इतक्यात मागे बसलेली एक वहिनी बोलली. तिचा नवरा वारलेला, पदरी दोन मुले.

"भाऊ, तुमचा हिशेब खरा हाय. पर माझ्या पोराची आयटीआयची फी सोमवारी भरायची हाय. साडेतेराशेचं गिऱ्हाईक येईस्तवर मी काय करू? मी आज सहाशेला देणार."

सगळ्या गप्प झाल्या. मीही गप्प झालो. कागदावरचा हिशेब सांगणे सोपे असते. ज्याला सोमवारी पैसे लागतात त्याचा हिशेब वेगळा असतो. कांदा काढला की त्याच दिवशी पडत्या भावाने विकावा लागणारा शेतकरी आणि ही वहिनी, दोघांची अडचण एकच. माल टिकवून ठेवायला घरात पैसा लागतो.

तोड काढली ती आजींनी. त्यांचा बचत गट होताच. दर महिन्याला प्रत्येकी ठरावीक रक्कम जमत होती. आजी म्हणाल्या, "गटाच्या पेटीतनं हिला आत्ता सहाशे द्या. गोधडी गटाकडं ऱ्हाऊ दे. इकली की सहाशे कापून बाकीचं हिला." माल तारण ठेवून पैसे घेण्याची जी सोय बाजार समितीत धान्याला असते, तीच आजींनी गोधडीला लावली. पुस्तक न वाचता!

आमच्या भागात 'उचल' म्हटले की ऊसतोडीची आठवण होते आणि पोटात गोळा येतो. ही उचल वेगळी. काम आधी झालेले, माल पेटीजवळ, आणि व्याज नाही. त्या सोमवारी फी भरली गेली. गोधडी मात्र लगेच गेली नाही. तीन महिने पडून राहिली, आणि मग लग्नाच्या आहेरासाठी गावच्याच एका माहेरवाशिणीने पूर्ण किमतीला नेली. सगळ्याच गोधड्या अशा जातात असे मी म्हणणार नाही. काही आजही पेटीजवळ आहेत. पण त्या दिवसापासून वाडीवरची एकही गोधडी सहाशेला गेली नाही.

गटाचे चार नियम

गटाने पुढे चार नियम बांधले. पहिला नियम, प्रत्येकीची एक वही. किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, दोरा किती लागला, एवढेच लिहायचे. जिला लिहिता येत नाही तिची वही शाळेतली नात लिहिते.

दुसरा, गोधडीची किंमत बैठकीत ठरते, एकटीने दारात ठरवायची नाही. तिसरा, अडल्यानडलेलीला उचल, पण तयार गोधडीवरच.

चौथा नियम मला सर्वांत आवडला. घरच्या माणसाची आठवण असलेली गोधडी विक्रीला आणायची नाही. एका काकूंनी आईच्या शेवटच्या दोन इरकली लुगड्यांची गोधडी आणली होती. गिऱ्हाईक त्याच गोधडीसाठी अडून बसले. आजींनी ती घडी घालून काकूंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "हिची किंमत आमच्या वहीत बसत न्हाई."

गोधडी चांगली उतरावी म्हणून

यात माझी एक चूक सांगितली पाहिजे. विक्रीसाठी रंग झळझळीत हवेत म्हणून मीच बायकांना नवे लाल कापड वर घालायला सांगितले. पहिल्या धुण्यातच लाल रंग सगळीकडे पसरला, कापड आटले आणि गोधडीला जागोजागी सुरकुत्या पडल्या. जुन्या लुगड्याची गंमत ही, की ते आधीच शंभर वेळा धुतलेले असते. ते आता आटतही नाही आणि रंगही सोडत नाही. नवे कापड घ्यायचेच झाले, तर रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापावे.

कपडा सुती आहे की नाही याची शंका आली, तर त्याचे चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गाठ होते. असे कापड घाम टिपत नाही आणि थरांमध्ये घसरते. तान्ह्या मुलाच्या दुपट्याला तर ते घालूच नये.

लुगडे उजेडाकडे धरून पाहावे. जिथे जाळी दिसते तो भाग कापून आतल्या थराला टाकावा, धड भाग वर-खाली घ्यावा. मधेच विरलेल्या लुगड्याला आपल्या आया दंड घालीत, तीच ही विद्या. थर लावताना खालचे अस्तर ताणून अंथरावे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावेत, आणि वीतभर अंतराने कच्चे टाके घातल्याशिवाय पक्क्या शिलाईला हात लावू नये. शिलाई कडेने सुरू करून फेऱ्या घालीत मध्याकडे न्यावी. टाके फार लांब घेतले तर त्यात पायाची बोटे अडकतात आणि दोरा तुटतो.

ठेवणीतल्या गोधडीला कसर लागू नये म्हणून ती कडकडीत उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी, आणि घडीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. दमट गोधडी ट्रंकेत ठेवली की बुरशी आलीच म्हणून समजा.

दूरच्या मैत्रिणी

हे सारे आपल्याकडेच चालते असे समजू नका. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे फूल लावतात, आणि फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत.

आणखी दूर, अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स परगण्यात १९६६ साली काळ्या वर्णाच्या गरीब शेतकरी बायकांनी गोधड्या विकण्यासाठी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. मतदार यादीत नाव घातले म्हणून काहींच्या घरांवर कामावरून आणि कुळाच्या जमिनीवरून उठायची पाळी आली होती. त्यांनी मोठ्या शहरांतल्या दुकानांशी एकत्र बोलणी केली. ती संस्था पुढे बंद झाली. पण त्याच भागातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या गोधड्यांची चित्रे २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापली गेली. फाटक्या कपड्यांच्याच गोधड्या त्या! एकटीने दारात विकली तर चिंधी, दहाजणींनी मिळून विकली तर माल, हे तिथेही खरे ठरले.

येत्या वर्षाचा कार्यक्रम

आता वाडीवरच्या गटाने ठरवलेला कार्यक्रम सांगतो. शेतीची कामे पाहूनच तो आखला आहे.

मार्गशीर्षात चिंधी फेरी. दोघी-दोघींनी घरोघर जाऊन जुने सुती कपडे गोळा करायचे, धुवायचे, रंगाप्रमाणे गाठोडी बांधायची. पौषापर्यंत आठवड्यातली एक दुपार शिलाईची. हुरड्याच्या दिवसांत शहरातले पाहुणे गावी येतात. त्यांच्या बसण्याला गटाच्याच गोधड्या अंथरायच्या. बसणारा विचारतोच.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगूळ. वाणाला प्लॅस्टिकच्या वाट्या आणण्याऐवजी यंदा उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या आणि बसकरे शिवायची. या समारंभाला सगळ्या बायकांना बोलावणे आहे, नवरा नसलेल्यांनाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो साऱ्या महाराष्ट्राने वाचला. गटाच्या बायकांनी ठराव वगैरे केला नाही. "जिच्या हातचा टाका सगळ्यात बारीक, तिलाच तिळगुळाला बोलवायचं न्हाई, हे कसं?" एवढेच आजी म्हणाल्या.

८ मार्चला शाळेच्या पडवीत गोधड्यांचे प्रदर्शन. प्रत्येक गोधडीवर चिठ्ठी: कोणी शिवली, किती तास लागले, किंमत किती. त्याच दिवशी वर्षाचा हिशेब सर्वांसमोर वाचायचा. घरच्या पुरुषांनी यावे, असा खास निरोप आहे.

१ मेची ग्रामसभा. त्याआधी महिलांची सभा भरते. तिथे ठराव करून शिलाईला समाजमंदिरातली एक खोली मागायची आहे. चैत्र-वैशाख हा गोधडीचा खरा हंगाम. ज्वारी घरात आलेली असते, अंगण कोरडे असते, मुलींना सुट्टी असते. यंदा गावातल्या मुलींना आणि ज्यांना आवड आहे त्या मुलांनाही धावदोरा शिकवायचा बेत आहे. मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या सुमारास, सगळी अर्धी कामे पुरी करून बांधून ठेवायची. पेरणी सुरू झाली की बैठक बंद.

पावसाळ्यात फक्त दुपटी. गावात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला गटाचे एक दुपटे, मुलगी असो की मुलगा. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि घटस्थापनेआधी, रिवाजाप्रमाणे, साऱ्या गावाच्या गोधड्या धुण्याचा दिवस. त्या दिवशी नदीचा काठ रंगीबेरंगी होतो. पाणी असले तर!

शिवाय 'उमेद' अभियानातर्फे मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते. तिथे बचत गटांचा माल थेट गिऱ्हाईकाला विकता येतो. त्यासाठी पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षात जाऊन चौकशी करायची आणि दहा तरी उत्तम गोधड्या बाजूला काढायच्या, असे ठरले आहे.

तुमच्या गावात बचत गट असेल तर वेगळे काही काढायला नको. त्याच गटात एक गोधडीची वही घाला. गट नसेल तर दहा बायका जमवा आणि आठवड्यातून एक दुपार देवळात बसा. पहिली गोधडी विकायला काढण्याआधी तिचे तास मात्र लिहा.

परवा वाडीवर गेलो होतो. तीच वहिनी सभामंडपात बसून शिवत होती. जवळ वही उघडी, वर पेन्सिल. मी विचारले, "काय वहिनी, किती दिवस झाले या गोधडीला?"

तिने मान वर न करता सांगितले, "दोन दिस आणि तीन तास. अजून काठ ऱ्हायलाय."